ठेवू का? : फोनवरच्या फसवणुकीचा आढावा

दक्षिण मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एका आजींना २६ डिसेंबर २०२४ रोजी फोन आला. बोलणारा स्वतःला पोलीस अधिकारी म्हणवत होता. तुमच्या आधार कार्डावर बँकेत खातं उघडून काळा पैसा फिरवला गेलाय, चौकशीला सहकार्य करा, नाहीतर मुलीलाही अटक होईल, असं त्यानं सांगितलं. पुढचे दोन महिने आजी आपल्याच घरात कैदेत राहिल्या. मार्च २०२५ उजाडेपर्यंत त्यांच्या खात्यांतून २० कोटींहून अधिक रुपये निघून गेले होते. पहिला संशय आला तो घरात कामाला असणाऱ्या बाईंना. आजी खोलीतून फक्त जेवायला बाहेर येतात, आत कुणावर तरी ओरडताना ऐकू येतात, हे त्यांना खटकलं आणि त्यांनी ते मुलीच्या कानावर घातलं.

अशी बातमी वाचली की आपण आधी रकमेकडे बघतो आणि मग म्हणतो, ‘एवढं कसं कळलं नाही?’ पण कळण्या-न कळण्यावर हा मामला फारसा अवलंबून नसतो. लुधियानातल्या ८२ वर्षांच्या एका नामवंत वस्त्रोद्योजकांना २०२४ साली याच पद्धतीनं ७ कोटींना गंडा घातला गेला. त्यांच्यासाठी भामट्यांनी व्हिडिओ कॉलवर चक्क सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली होती. आयुष्यभर मोठे व्यवहार केलेल्या या माणसाकडे माहितीची वा अकलेची कमतरता नव्हती. त्या तासांत शेजारी बसून ‘थांबा जरा’ म्हणणारं कुणी नव्हतं, एवढंच. या लेखात या धंद्याची वाढ, त्याचे सापळे आणि बचावासाठी उभ्या राहिलेल्या यंत्रणा यांचा आढावा घेताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येईल.

तिप्पट तक्रारी, एकवीसपट पैसे

केंद्रीय गृहखात्यानं संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार सायबर फसवणुकीत २०२३ साली देशातल्या लोकांचे ७,४६५ कोटी रुपये गेले. २०२४ साली हा आकडा २२,८४५ कोटींवर पोहोचला. एका वर्षात तिप्पट.

त्यातला ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे आजींसारखं फोनवरच खोटी अटक करून लुटण्याच्या, आणि तत्सम गुन्ह्यांचा हिशेब वेगळा काढला तर आणखी एक गोष्ट दिसते. २०२२ साली अशा ३९,९२५ तक्रारी आल्या आणि गेलेली रक्कम होती सुमारे ९१ कोटी. २०२४ साली तक्रारी १,२३,६७२ झाल्या आणि रक्कम १,९३५ कोटी. म्हणजे तक्रारी तिपटीनं वाढल्या आणि पैसे एकवीसपटीनं. भागाकार केला तर २०२२ साली एका तक्रारीमागे सरासरी तेवीस हजार रुपये जात होते, २०२४ साली दीड लाखाच्या वर. चोरांची संख्या वाढली असेलच, पण त्याहून जास्त त्यांची नजर तयार झाली. कुणाकडे मुदत ठेवी आहेत, कोण एकटं राहतं, कोण घाबरेल, हे हेरून फोन होऊ लागले.

हे आकडे फक्त तक्रार करणाऱ्यांचे. सुनेला कळेल, सोसायटीत हसं होईल, मुलगा फोनच काढून घेईल, या भीतीनं गप्प बसलेली माणसं यात नाहीत.

जामताडा, मीरा रोड, म्यावाडी

‘मैं बँक से बोल रहा हूँ, आपका एटीएम ब्लॉक हो गया है’ हे वाक्य ज्यांनी घरोघर पोहोचवलं ते झारखंडमधल्या जामताडाचे तरुण. एक सिमकार्ड, एक साधा फोन आणि शेताच्या बांधावर बसून केलेले शेकडो कॉल, एवढंच भांडवल. कार्डावरचा नंबर आणि ओटीपी विचारायचा, पैसे वळवायचे, सिम फेकून द्यायचं. पुढे हरियाणा-राजस्थानच्या सीमेवरच्या मेवात भागातून दुसरी तऱ्हा आली. लष्करातला जवान असल्याचं भासवून जुनं फर्निचर ‘विकत घेणारे’ आणि अश्लील व्हिडिओ कॉल करून बदनामीची धमकी देणारे.

तिसरी तऱ्हा आपल्या अंगणातलीच आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सत्तरजणांना अटक केली. तिथली मुलं अमेरिकेत फोन लावत आणि करखात्याचे अधिकारी असल्याचं सांगत. ‘तुमचा कर थकलाय, आत्ता भरा, नाहीतर पोलीस दारात येतील,’ असा दम देत आणि गिफ्ट कार्डांच्या रूपात डॉलर उकळत. फसलेल्यांत वृद्ध होते, नव्यानं स्थलांतर केलेले लोकही होते. आजच्या डिजिटल अरेस्टची संहिता शब्दशः तीच आहे: सरकारी अधिकारी, गंभीर गुन्हा, तातडीची मुदत आणि ‘कुणाला सांगू नका’. तेव्हा परक्या देशातल्या म्हाताऱ्यांवर चाललेलं हे नाटक आता आपल्या आईवडिलांच्या दारी आलं आहे.

आज या धंद्याचा मोठा हिस्सा भारताबाहेर गेला आहे. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांतल्या तक्रारी तपासल्या, तेव्हा जवळपास निम्म्यांचा माग म्यानमार, कंबोडिया आणि लाओसकडे निघाला. म्यानमारच्या सीमेवरच्या म्यावाडीजवळ कुंपण घातलेल्या वसाहतींमधून हे कारखाने चालतात. चांगल्या पगाराच्या नोकरीचं आमिष दाखवून नेलेली भारतीय मुलंही तिथं अडकतात. पासपोर्ट काढून घेतला जातो, रोजचं लक्ष्य ठरतं, ते चुकलं तर मार. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना थायलंडमार्गे परत आणलं. ‘अटक’ करणारा आवाज स्वतःच कोंडलेला असू शकतो, हे या गुन्ह्याचं विचित्र वास्तव आहे.

या साखळीत फोन करणारा हा एक नोकर. नाव, पत्ता, वय यांच्या याद्या पुरवणारे वेगळे, सिमकार्डं जमवणारे वेगळे. आणि सगळ्यात महत्त्वाचे ते खाती पुरवणारे. पाच-दहा हजार रुपयांसाठी आपलं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम ‘वापरायला’ देणारे विद्यार्थी, मजूर, बेकार तरुण. चोरलेला पैसा अशा भाड्याच्या खात्यांतून काही मिनिटांत फुटत जातो आणि शेवटी रोख किंवा क्रिप्टो होऊन दिसेनासा होतो. खातं देणाऱ्या मुलाला वाटतं आपण काहीच केलं नाही. पोलीस मात्र आधी त्याच्याच दारात पोहोचतात.

सापळे चार, दोरी एक

फसवणुकीचे प्रकार मोजायला बसलो तर यादी संपत नाही, कारण दर महिन्याला नवं नाव येतं. म्हणून नावांपेक्षा त्यामागची भावना धरून वर्गवारी केलेली बरी.

पहिली भीती. तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर गुन्हा दाखल आहे, केवायसी नसल्यामुळे खातं बंद होणार. किंवा ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क करा.’ महावितरणनं वारंवार सांगूनही हा शेवटचा संदेश अजून काम करतो, कारण बिल भरलं की नाही याची खात्री बऱ्याच घरांत एकाच माणसाला असते आणि संदेश नेमका दुसऱ्याच्या फोनवर येतो.

दुसरी गरज. पंधरा मिनिटांत कर्ज देणारं अ‍ॅप फोनमधले संपर्क आणि फोटो उचलतं आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून अब्रू काढतं. शेतकऱ्याला पीएम किसानच्या नावानं, लाडक्या बहिणीला केवायसीच्या नावानं आणि गाडीवाल्याला आरटीओच्या चलनाच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरं असतात. ती उघडली की फोनवर येणारे मेसेज, म्हणजेच ओटीपी, परस्पर चोराकडे जाऊ लागतात. इथं काही विचारावंच लागत नाही.

तिसरी आशा. शेअर बाजाराचे ‘गुरू’, रोज नफा दाखवणारं खोटं अ‍ॅप, व्हिडिओंना लाइक करून पैसे देणारं काम. सुरुवातीला दोन-चार हजार खरंच परत मिळतात, कारण ते आमिष असतं. निवृत्तीनंतर हातात एकरकमी फंड आलेला माणूस यात सहज सापडतो. बँकेचं व्याज पुरत नाही आणि मुलांकडे मागायचं नाही, हा त्याचा स्वाभिमानच चोराच्या कामी येतो.

चौथी माया. ‘बाबा, माझा अपघात झालाय,’ असं रडत सांगणारा मुलाचा आवाज. आवाजाची नक्कल करणारी साधनं आता कुणाच्याही हाताशी आहेत. मुलगी न्यू जर्सीत आणि आईवडील कोथरूडमध्ये असतील, तर भारतात दुपार असते तेव्हा तिकडे मध्यरात्र. खात्री करायला उलटा फोन लावावा, तर लेकीची झोपमोड होईल म्हणून आई कचरते. तेवढा संकोच चोराला पुरतो.

चारही सापळ्यांची दोरी एकच: घाई आणि एकांत. ‘आत्ताच’ आणि ‘कुणाला सांगू नका’ हे दोन शब्द एका फोनमध्ये आले की पुढची कथा ऐकायची गरज उरत नाही. खरी बँक, खरे पोलीस, खरं न्यायालय हे दोन्ही शब्द एकत्र वापरत नाहीत. फोनवर अटक करणं तर भारतीय कायद्यात नाहीच.

असहाय म्हणजे नेमकं कोण?

‘म्हातारी माणसं फसतात’ हे अर्धसत्य आहे. असहायता हा वयाचा गुण नसून वेळेचा असतो. पती वारल्यावर पहिल्यांदाच बँकेचे व्यवहार हाती घेणारी बाई, नोकरी सुटलेला तरुण, रुग्णालयाच्या बाहेर पैशांची जुळवाजुळव करणारा भाऊ, घरातला एकच फोन लेकराकडून मागून घेणारी बचत गटातली ताई, अंधुक दिसतं म्हणून स्क्रीनवरचं बटण दुसऱ्याला दाबायला सांगणारे आजोबा. हे सगळे त्या-त्या दिवशी असहाय असतात. चोर शंभर फोन करतो, कारण त्याला तशा दिवशी सापडलेला एकच माणूस हवा असतो.

आपल्या घडणीचाही यात वाटा आहे. साहेब बोलत असताना मधे बोलायचं नाही, पोलीस चौकीची पायरी चढायची नाही, सरकारी शिक्का खराच असतो, या शिकवणीत एक अख्खी पिढी वाढली. तिनं आयुष्यभर सचोटीनं कर भरले, रांगेत उभं राहून पासबुक भरलं. नेमकी हीच माणसं ‘तुमच्यावर मनी लाँडरिंगचा आरोप आहे’ ऐकून हादरतात. ज्यानं कधी कायदा मोडला नाही, त्याला कायद्याची भीती सर्वांत जास्त वाटते.

काय उभं राहिलं

गेल्या पाच-सहा वर्षांत सरकारी पातळीवर काहीच झालं नाही, असं म्हणता येणार नाही. २०२१ साली सुरू झालेल्या तक्रार यंत्रणेचा आज १९३० हा क्रमांक आहे. तिथं लगेच फोन केला तर पैसा ज्या-ज्या खात्यांत पोहोचला, ती गोठवण्याचे संदेश बँकांना जातात. २०२५ च्या मध्यापर्यंत या मार्गानं जवळपास ५,५०० कोटी रुपये वाचल्याचं सरकारनं सांगितलं. पहिला एक-दोन तासांचा अवधी इथं निर्णायक ठरतो, कारण नंतर पैसा खात्यांतून फुटत पुढं गेलेला असतो.

दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’वर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहता येतं आणि त्यातल्याच ‘चक्षू’ सुविधेत संशयास्पद कॉलची तक्रार करता येते. परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारे कॉल रोखणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या २४ तासांतच सुमारे १.३५ कोटी कॉल अडवले गेले. बँका आणि वित्तसंस्थांच्या सेवा-कॉलसाठी १६०० नं सुरू होणारी क्रमांकमालिका ठरली आहे. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी डिजिटल अरेस्टचा विषय घेतला. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याच्या पत्रावरून स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबरला या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. त्या दांपत्याला न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून लुटलं गेलं होतं.

आणि मग ती कॉलर ट्यून. फोन लावला की अमिताभ बच्चन यांचा आवाज सावध करायचा. लोक वैतागले, विनोद झाले. पण हा संदेश ऐकू यायचा तो फोन लावणाऱ्याला. सापळ्यातला माणूस फोन लावत नसतो, उचलत असतो.

कुठं कमी पडतंय

जनजागृतीचा बहुतेक भर ‘ओटीपी सांगू नका’ यावर राहिला. तो जामताडाच्या काळातला धडा. डिजिटल अरेस्टमध्ये ओटीपी कुणी मागतच नाही. माणूस स्वतः कपडे बदलून, रिक्षा करून बँकेत जातो, मुदत ठेव मोडतो आणि आरटीजीएसचा फॉर्म भरतो. काऊंटरवर विचारलं तर काय सांगायचं, तेही त्याला आधीच पढवलेलं असतं. चोराची युक्ती दर सहा महिन्यांनी बदलते, आपलं भित्तिपत्रक तेच राहतं.

भरपाईचं गणितही इथंच अडतं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमांप्रमाणे, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्यानं पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भुर्दंड नाही. ग्राहकानं स्वतः गुप्त माहिती दिली असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. मग दडपणाखाली स्वतःच्या हातानं पैसे पाठवणाऱ्या आजींना या नियमाचा कितीसा आधार?

इतर देशांनी या प्रश्नाचं उत्तर शोधायला सुरुवात केली आहे. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, ग्राहकानं फसून स्वतः पाठवलेले पैसेही ८५,००० पौंडांपर्यंत बँकांनी परत करायचे आहेत. भार निम्मा पाठवणाऱ्या बँकेवर, निम्मा स्वीकारणाऱ्या बँकेवर. एरवी ग्राहकानं अतिशय निष्काळजीपणा केला, असं दाखवून बँकेला भरपाई नाकारता येते. ग्राहक असहाय अवस्थेत होता असं दिसलं, तर ती पळवाटही बंद. चोराचं खातं आपल्याकडे आहे याची झळ बसू लागली की बँका खाती उघडतानाच डोळ्यांत तेल घालतात. सिंगापूरनं २०२५ साली वेगळा मार्ग धरला. आपण फसतोय हे मानायलाच माणूस तयार नसेल, तर पोलीस काही काळ त्याच्या खात्यातून पैसे बाहेर जाणं थांबवू शकतात. स्वातंत्र्यावर घाला, अशी यावर टीका होऊ शकते. पण सुरुवातीच्या आजींच्या कामवाल्या बाईंनी जे केलं, तेच हा कायदा करू पाहतोय: मध्ये एक दुसरा माणूस उभा करणं.

दुसरा माणूस

आपल्याकडे असा कायदा येईल तेव्हा येईल. तोवर हा दुसरा माणूस घरात, बँकेत आणि कट्ट्यावर उभा करावा लागेल.

घरात आईवडिलांना पाच सूचना देण्याऐवजी एक परवानगी द्यावी. ‘कुणाचाही फोन मध्येच तोडला तरी चालेल, आणि कधीही, कितीही वाजता मला लावला तरी चालेल.’ पैशाचा विषय निघाला तर विचारायचा एक घरगुती शब्द ठरवावा. मांजरीचं नाव, गावच्या देवाचं नाव, काहीही. खरा मुलगा ते सांगेल. मोठी रक्कम एका दिवसात जाऊ नये म्हणून बँकेतली मर्यादा कमी करून घ्यावी. आणि चूक झालीच, तर पहिलं वाक्य ‘असं कसं केलंस?’ हे नसावं. त्या वाक्याच्या धाकानं १९३० ला लावायचा फोन चार दिवस लांबतो.

बँकेत ज्येष्ठ ग्राहक अचानक सगळ्या ठेवी मोडायला आला, तर त्याला आत बसवून पाणी द्यावं, फोन बाजूला ठेवायला सांगावं आणि सावकाश बोलावं. अशा दहा मिनिटांत अनेकांची आयुष्यभराची पुंजी वाचली आहे.

आणि गावात. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचं जाळं आहे, बचत गट आहेत, भिशी आहे, सकाळचा हास्यक्लब आहे. तिथं पत्रकं वाटण्यापेक्षा नाटक बसवावं. एकानं खोटा पोलीस व्हायचं, दुसऱ्यानं फोन तोडायचा. हसत हसत दोनदा केलेली गोष्ट तिसऱ्यांदा खऱ्या प्रसंगी जमते. फसलेल्या माणसानं तिथं येऊन आपली हकीकत सांगितली आणि लोकांनी ती न हसता ऐकली, तर त्या एका दुपारचं काम शंभर कॉलर ट्यूनना जमणार नाही.

पैसे गेल्यावर लगेच काय करायचं, तेही तिथंच पाठ व्हावं. आधी १९३०, मग आपली बँक, मग सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर लेखी तक्रार. मेसेज पुसायचे नाहीत, स्क्रीनशॉट जपायचे. बँकेनं लेखी तक्रारीनंतरही दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. त्यासाठीचा मदत क्रमांक १४४४८. एकट्या ज्येष्ठांना आधारासाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. आणि ‘तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणणारा जो फोन काही दिवसांनी येतो, तो त्याच नाटकाचा दुसरा अंक असतो.

आपल्याकडे फोन संपवायची एक रीत आहे. बोलणं झालं तरी आपण लगेच ठेवत नाही. ‘बरं, ठेवू का?’ असं विचारतो, पलीकडून ‘हो, ठेव’ आलं की मगच ठेवतो. मावशीशी, व्याह्यांशी, ऑफिसातल्या साहेबांशीही. या रीतीत माया आहे, आदर आहे. भामट्याला आपली ही सवय पक्की ठाऊक असते. तो ‘ठेव’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘फोन कट करायचा नाही, नजरेसमोरून हलायचं नाही.’ आणि आयुष्यभर समोरच्याच्या होकाराची वाट पाहायला शिकलेली आजी तशीच धरून बसते. तिला हवा असलेला तो होकार आपण आधीच देऊन ठेवायला हवा. आज संध्याकाळी फोन कराल, तेव्हा शेवटी तिनं विचारलंच, ‘ठेवू का?’, तर सांगा: अनोळखी माणसाला हे कधीच विचारायचं नाही.